सुखोईची वायरिंग कोण बघतं? हवाई दलातल्या इलेक्ट्रिकल टेक्निशियनचं काम आणि चार वर्षांचं गणित

ओझर परिसरात द्राक्षाची छाटणी चालू असली आणि डोक्यावरून सुखोई गेलं की मजूरसुद्धा कात्री थांबवून वर बघतात. पोरांना पायलट व्हायचं असतं. आई-बापाला ‘एअरफोर्सला लागला’ एवढं झालं तरी पुष्कळ असतं. पण विमान उडण्याआधी त्याची वीज, वायरिंग, रेडिओ, रडार तपासून कागदावर सही करणारा माणूस वेगळाच असतो. तो बारावी किंवा डिप्लोमा झालेला, बहुतेक वेळा गावाकडचाच पोरगा असतो. त्याच्या कामाविषयी गावात फारसं कुणी सांगत नाही.

या कामाचे दोन भाग आहेत. इलेक्ट्रिकलवाल्याकडे जनरेटर, बॅटरी, वायरिंग, दिवे आणि छोट्या मोटारी येतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे रेडिओ, रडार, दिशा दाखवणारी यंत्रणा. हवाई दलात त्यांना फिटर म्हणायची पद्धत आहे.

आपल्या विहिरीवरच्या मोटारीला ५० हर्ट्झची वीज येते. विमानात ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची एसी वीज असते आणि शिवाय साधारण २८ व्होल्ट डीसी. हर्ट्झ वाढवले की ट्रान्सफॉर्मर आणि मोटारीत लोखंड कमी लागतं. वजन उतरतं, आणि विमानात किलो-किलोचा हिशोब असतो.

वायरीही घरातल्यासारख्या लाल-काळ्या नसतात. बहुतेक एकाच रंगाच्या, त्यावर बारीक अक्षरं आणि नंबर छापलेले. नकाशा समोर ठेवून नंबर जुळवत बिघाड शोधायचा. आपल्याकडे फ्यूज उडाला की तांब्याच्या तारेचा तुकडा लावून पाणी चालू करतात, स्टार्टरला चिकटपट्टी मारतात. तिथे हे चालत नाही. जो भाग पुस्तकात लिहिलाय तोच लावायचा, लिहिलंय तसाच घट्ट करायचा, कंप बसून सुटू नये म्हणून लॉकिंग वायर बांधायची. मग दुसरा, वरिष्ठ माणूस येऊन तपासणार.

हत्यारांचंही तसंच. कामाला बसताना पाने-पक्कड मोजून घ्यायचे, उठताना मोजून द्यायचे. एक स्क्रू ड्रायव्हर कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान उडत नाही, कारण राहिलेलं हत्यार कंट्रोलमध्ये अडकू शकतं. लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये वायर तपासायला बसायचं तर आधी सीटच्या सेफ्टी पिना जागेवर आहेत का बघायचं. त्या सीटखाली पायलटला बाहेर फेकणारी स्फोटकं असतात. चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही. काम उन्हात, पावसात, रात्रीच्या उड्डाणालाही असतं.

आता भरतीचं. २०२२ पासून हवाई दलात ही भरती अग्निवीरवायू म्हणून होते, मुलीही भरता येतात. विज्ञान गटासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी लागतं. एकूण ५० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ५० टक्के. इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमाही चालतो, त्यात इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन अशा शाखा येतात.

अनेक पोरं इथेच अडकतात. अकरावीला ‘गणित जड जातं’ म्हणून फक्त जीवशास्त्र घेतलं की विज्ञान गटाचा हा रस्ता तिथेच बंद होतो. इंग्रजीत ४२ पडले तरीही तेच. बारावीनंतर अकॅडमीला पैसे भरून यातलं काही दुरुस्त होत नाही. म्हणून हा विचार दहावीच्या सुट्टीत करायचा.

परीक्षा ऑनलाइन असते, बारावीच्या सीबीएसई अभ्यासक्रमावर. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न हिंदीतही असतात, मराठीत नसतात. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. धावणं १.६ किलोमीटर, मुलांना ७ मिनिटं, मुलींना ८. डोळे आणि रंग ओळखण्याची तपासणी होते. बेसिक ट्रेनिंगचं मोठं केंद्र बेळगावजवळ सांबऱ्याला आहे.

एक गोष्ट अकॅडमीवाले सांगत नाहीत. विज्ञान गटातून लागला म्हणजे विमानाचंच काम मिळेल असं नाही. कोणतं काम द्यायचं ते हवाई दल ठरवतं.

आणि पगार. पहिल्या वर्षी ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत कापून हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. सरकारही तेवढीच भर टाकतं, त्यामुळे चार वर्षांनी साधारण १०.०४ लाख आणि वर व्याज मिळतं. ४८ लाखांचा विमा असतो. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षं लग्न करता येत नाही, हे घरच्यांनी आधीच ऐकून ठेवावं.

चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम केलं जातं. बाकीचे बाविशी-पंचविशीत घरी येतात. ‘पोरगा सरकारी नोकरीत आहे’ म्हणून त्या भरवशावर कुणी ट्रॅक्टरचं किंवा घराचं लांब मुदतीचं कर्ज काढत असेल तर त्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

परत आलेल्याला खासगी विमान कंपनीत जाता येतं का? येतं, पण विमान उडण्यायोग्य आहे अशी सही करायला डीजीसीएचं लायसन लागतं आणि त्याच्या परीक्षा वेगळ्या. नुसतं हवाई दलाचं सर्टिफिकेट दाखवून ते मिळत नाही. नोकरीत असतानाच त्या परीक्षांची पुस्तकं उघडलेली बरी.

ज्यांचं वय निघून गेलंय किंवा मेडिकलला अडलंय, त्यांनी आपल्याच ओझरकडे बघावं. तिथे एचएएलचा कारखाना आणि हवाई दलाचा ११ नंबरचा दुरुस्ती डेपो आहे. एचएएलमध्ये आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक अशा ट्रेडच्या पोरांना अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतात. पुढे कायम होण्याची हमी नाही, पण विमानावरचं काम हाताला लागतं.

अग्निवीरवायूसाठी वयाची अट साधारण साडेसतरा ते एकवीस, नेमक्या जन्मतारखा जाहिरातीत छापलेल्या असतात. अर्ज फक्त ऑनलाइन, गेल्या काही भरत्यांत फी ५५० रुपये अधिक जीएसटी होती. याच्यावर एक रुपयाही कुणी ‘साहेबाला द्यायचेत’ म्हणून मागितला तर देऊ नका, सरळ पोलीस ठाण्यात सांगा.