कंपनी ग्राहक होऊं शकते काय?

एखाद्या गृहस्थानें घरीं रेफ्रिजरेटर आणला, आठ दिवसांत तो बिघडला आणि दुकानदार दाद देईना, तर कोठें जावें हें शहरांतील बहुतेक सुशिक्षितांस आतां ठाऊक असतें. जिल्हा ग्राहक आयोगाकडे साधा अर्ज करावा. पांच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाहीं, आणि वकील दिलाच पाहिजे असेंहि नाहीं. परंतु तोच रेफ्रिजरेटर एखाद्या कंपनीनें कचेरींतील कारकुनांच्या सोयीसाठीं घेतला असेल तर? दुकानदार तोच, बिघाड तोच. फरक एवढाच कीं पावतीवर माणसाच्या नांवाऐवजीं कंपनीचें नांव आहे. अशा वेळीं दुकानदाराचा वकील हटकून एक आक्षेप घेतो: कंपनी ही नफ्यासाठींच जन्मास आलेली संस्था, ती जें जें घेते तें व्यापारासाठीं घेते, तेव्हां ती ग्राहक नव्हे.

हा वाद केवळ वकिली कीस नाहीं. दिवाणी न्यायालयाची वाट सामान्य माणसास लांब आणि महाग पडते, म्हणून १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा करण्यांत आला. दुबळ्यासाठीं उघडलेल्या या दारापाशीं मोठमोठ्या कंपन्यांची रांग लागली, तर पेन्शनीवर जगणाऱ्या शिक्षकाची तक्रार मागें पडणार, हें उघड आहे. उलटपक्षीं, कंपनी म्हणजे प्रत्येक वेळीं शेकडो कोटींची उलाढाल असतेच असें नाहीं. नवरा-बायको दोघेच भागधारक आणि दोन खोल्यांत कचेरी, अशी ‘प्रायव्हेट लिमिटेड’हि कायद्यानें कंपनीच. तिला बाहेर ठेवावें, आणि तिच्या शेजारच्या श्रीमंत सावकारास मात्र तो हाडामांसाचा माणूस आहे म्हणून आंत घ्यावें, यांत न्याय कोणता?

कायद्यानें ग्राहकाची जी व्याख्या केली आहे तींत दोन गांठी आहेत. एक, ग्राहक ही ‘व्यक्ति’ असली पाहिजे. दुसरी, तिनें वस्तु पुनर्विक्रीसाठीं किंवा व्यापारी हेतूनें घेतलेली नसावी. पहिली गांठ आतां सुटली आहे. दुसरी अद्याप न्यायाधीशांच्या बोटांना पुरून उरते.

माणसाखेरीज इतरांसहि कायदा व्यक्ति मानतो, याचें आपल्याकडील लोकांस नवल वाटूं नये. १९२५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें कलकत्त्याच्या एका घराण्यांतील वादांत कुलदेवतेची मूर्ति ही कायद्याच्या दृष्टीनें व्यक्ति होय असें धरून, तिची बाजू मांडण्यास निःपक्षपाती प्रतिनिधि द्यावा असा निर्णय दिला. त्यापूर्वींच, १८९६ सालीं, इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनें सॉलोमन नांवाच्या चर्मव्यवसायी गृहस्थाच्या खटल्यांत सांगून टाकलें होतें कीं, जवळजवळ सर्व भाग एकट्याच्याच हातीं असले तरी कंपनी निराळी आणि तिचा मालक निराळा. देवता आणि कंपनी एका पंक्तीस बसवणें भाविकांस रुचणार नाहीं. पण दोघांनाहि दावा लावतां येतो, आणि दोघांवरहि दावा लावतां येतो.

असें असूनहि १९८६ च्या कायद्यांत एक उणीव राहिली. ‘व्यक्ति’ या शब्दांत कोण कोण येतात हें सांगतांना त्यानें भागीदारी पेढी, अविभक्त हिंदु कुटुंब, सहकारी संस्था आणि व्यक्तींचा संघ एवढींच नांवें दिलीं. कंपनीचें नांवच नव्हतें. नांव नाहीं त्याअर्थीं कायदेमंडळास ती नको होती, असा युक्तिवाद साहजिकच पुढें आला. त्याचा निकाल लागला तो बेळगावच्या जिल्हा मंचापुढें सुरू झालेल्या एका तक्रारींत. अशोक आयर्न वर्क्स ही लोखंडी माल तयार करणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. वीज मिळण्यास विलंब झाला म्हणून तिनें वीजमंडळाविरुद्ध दाद मागितली. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि २००९ सालीं न्यायालयानें म्हटलें कीं, व्याख्येंत ‘यांचा समावेश होतो’ असे शब्द आहेत. समावेशाची यादी ही संपूर्ण यादी नव्हे. नोंदणी न झालेली पेढी ज्या घरांत येऊं शकते, तेथें रीतसर नोंदलेल्या कंपनीसच मज्जाव करण्याचा हेतु असूं शकत नाहीं. १८९७ च्या सामान्य परिभाषा कायद्यानेंहि ‘व्यक्ति’ या शब्दांत कंपनीचा अंतर्भाव केलेलाच होता. पुढें २०१९ सालीं नवा ग्राहक संरक्षण कायदा झाला व जुलै २०२० पासून तो अमलांत आला. त्यांत कंपनी, महामंडळ आणि इतर कृत्रिम व्यक्ति यांचीं नांवें स्पष्टपणें घातलीं आहेत. कंपनी व्यक्ति आहे काय, हा वाद तेथें संपला.

खरी कसोटी दुसऱ्या गांठीची. व्यापारी हेतु म्हणजे काय, हें कायद्यानें विस्तारानें सांगितलेलें नाहीं. काय नव्हे एवढेंच सांगितलें आहे. १९९३ सालीं त्यांत एक खुलासा जोडण्यांत आला: स्वतःच्या उपजीविकेसाठीं, स्वयंरोजगार म्हणून एखाद्यानें वस्तु घेतली व स्वतः वापरली, तर तो हेतु व्यापारी समजूं नये. १९९५ सालीं महाराष्ट्रांतील एका लघुउद्योगाच्या, लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या, प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें या खुलाशाची फोड केली. टाइपरायटर घेऊन स्वतः लोकांचे कागद टंकून देणारा, रिक्षा घेऊन ती स्वतः चालविणारा, हे ग्राहक होत. त्या लघुउद्योगानें मात्र कोइमतूरच्या एका संस्थेकडून मोठें यंत्र घेतलें होतें आणि त्यावर मोठ्या प्रमाणावर उत्पादन करावयाचें होतें. त्याला ग्राहक मानण्यांत आलें नाहीं. दिवाणी दावा लावावयाचा असल्यास मधला काळ मुदतींतून वगळून मागण्याची मोकळीक तेवढी राहिली. रिक्षा एक असली तर ग्राहक, आणि दहा रिक्षा नोकरांकडून चालविल्या तर व्यापारी, असा याचा साधा अर्थ.

सेवांच्या बाबतींत आरंभीं हें बंधन नव्हतेंच; अशोक आयर्न वर्क्सला त्याचाहि लाभ झाला, कारण वीज पुरविणें ही सेवा. २००२ च्या दुरुस्तीनें, मार्च २००३ पासून, सेवांनाहि तीच अट लागू झाली. मग प्रश्न उरला तो असा: उपजीविकेचा खुलासा कंपनीस फारसा उपयोगी पडत नाहीं, तर कंपनीची प्रत्येक खरेदी आपोआप व्यापारी ठरते काय?

ठरत नाहीं, हें न्यायालयांनीं हळूहळू स्पष्ट केलें. मुंबईच्या लीलावती रुग्णालयाशीं संबंधित न्यासानें परिचारिकांना राहण्यासाठीं सदनिका घेतल्या होत्या. इमारत निकृष्ट निघाली. रुग्णालय चालविणें हा व्यवसाय, म्हणून तेथील परिचारिकांचें निवासस्थानहि व्यवसायच, असें बांधकाम करणाऱ्याचें म्हणणें. नोव्हेंबर २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें नाकारलें. घेणारा कोण आहे यावरून हेतु ठरत नाहीं. त्या विशिष्ट खरेदीचा नफा मिळविण्याच्या व्यवहाराशीं निकटचा आणि प्रत्यक्ष संबंध आहे काय, तें पाहावें. त्या सदनिकांचें भाडें मिळवावें हा हेतु नव्हता. परिचारिकांची सोय व्हावी एवढाच होता. याच मापानें २०२४ सालीं आणखी दोन निकाल झाले. संचालकांच्या वापरासाठीं कंपन्यांनीं घेतलेल्या महागड्या जर्मन बनावटीच्या मोटारींबाबत, आणि मुंबईत संचालकाच्या कुटुंबासाठीं कंपनीच्या नांवानें घेतलेल्या सदनिकेबाबत, खरेदी करणारी कंपनी ग्राहकच होय असें ठरलें.

विम्याची गोष्ट याहून मजेची आहे. २८ फेब्रुवारी २००२ रोजीं गुजरातेंतील दंगलींत एका मोटारविक्रेत्या पेढीच्या मालाची आगींत हानि झाली. विमा कंपनीशीं वाद झाला, आणि विमा कंपनीनें म्हटलें कीं, व्यापाऱ्यानें व्यापारी मालाचा उतरविलेला विमा तो व्यापारीच. राष्ट्रीय आयोगानें २००४ सालीं व सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं याच्या उलट निर्णय दिला. विमा हा नुकसान भरून घेण्याचा करार आहे. त्यांतून कोणी नफा करीत नाहीं. तर्क निर्दोष आहे. पण विमा कंपनीविरुद्ध तक्रार चालूं शकते काय, एवढ्याच प्राथमिक प्रश्नाचा शेवट होण्यास एकुणीस वर्षें लागलीं, आणि कायदा मात्र साधी तक्रार तीन महिन्यांत निकालांत काढण्याचा प्रयत्न व्हावा असें सांगतो, ही विसंगति नजरेआड करण्याजोगी नाहीं. वरच्या मोटारींपैकीं एकीचा निर्णय राष्ट्रीय आयोगानें २००७ सालीं दिला होता. त्यावर अखेरची मोहोर उठण्यास २०२४ साल उजाडलें. जलद न्यायाच्या दाराशीं ‘तुम्ही ग्राहक आहांत कीं नाहीं’ हाच वाद इतका रेंगाळावा, यांत विक्रेत्याची सोय मोठी असते. त्याला मूळ दोषाबद्दल तोंड उघडावेंच लागत नाहीं.

रेषेच्या पलीकडे काय पडतें, हेंहि पाहिलें पाहिजे. मुंबईच्या एका शेअरदलालानें धंद्यासाठीं बँकेकडून घेतलेली ओव्हरड्राफ्टची सोय २०२२ सालीं व्यापारी हेतूची ठरली. नोव्हेंबर २०२५ मध्यें, वैद्यकीय उपकरणें तयार करणाऱ्या पॉली मेडिक्युअर या कंपनीची तक्रार सर्वोच्च न्यायालयानें याच कारणास्तव अग्राह्य ठरविली. तिनें आयात-निर्यातीचीं कागदपत्रें यंत्राकडून करून घेण्यासाठीं सॉफ्टवेअरचा परवाना घेतला होता. कंपनी ग्राहक होऊं शकत नाहीं असें न्यायालय म्हणालें नाहीं. कागदांचें काम यंत्रानें करून खर्च कमी करणें व नफा वाढविणें हा हेतु व्यापारी, एवढेंच म्हणालें. येथें चिकित्सक वाचकास शंका येईल. विमा उतरविणारी पेढीहि शेवटीं आपला धंदा टिकावा म्हणूनच उतरविते. खर्च वांचविणें व्यापारी, आणि नुकसान टाळणें अव्यापारी, ही रेघ बारीक आहे खरी. तरीहि ती सर्वस्वी कृत्रिम म्हणतां येणार नाहीं. सॉफ्टवेअर रोजच्या धंद्याच्या चाकांत बसतें. विमा आपत्तीनंतरच हातीं येतो. कचेरींतील रेफ्रिजरेटर नोकरांच्या सोयीसाठीं असेल तर परिचारिकांच्या सदनिकांच्या बाजूस पडावा. तोच औषधविक्रेत्या कंपनीनें विक्रीचीं औषधें थंड ठेवण्यासाठीं घेतला, तर त्याची बाजू पालटेल.

हेतु सिद्ध कोणी करावयाचा? मे २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, व्यवहार व्यापारी होता असें म्हणणाऱ्या विक्रेत्यानें वा सेवा देणाऱ्यानेंच तें पुराव्यानिशीं दाखवावें. त्यानें तें दाखविल्यावर, ‘आपण उपजीविकेसाठीं घेतलें’ असें म्हणणाऱ्या तक्रारदारावर तें सिद्ध करण्याची पाळी येते. म्हणून कंपनीनें खरेदीच्या वेळींच कागद नीट करावे. वस्तु कोणाच्या वापरासाठीं घेतली हें संचालक मंडळाच्या ठरावांत लिहिलेलें असलें, तर पुढें शपथपत्रांच्या चळती रचाव्या लागत नाहींत.

तक्रारीवर सही करणाऱ्यास कंपनीनें ठरावानें अधिकार दिलेला असावा. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तक्रार दाखल झाली पाहिजे. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढें दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग, अशी डिसेंबर २०२१ च्या नियमांनीं विभागणी केली आहे. जिची खरेदी व्यापारी ठरते त्या कंपनीची दादहि बुडत नाहीं. २०१५ च्या कायद्यानें स्थापिलेलीं वाणिज्य न्यायालयें तिला मोकळीं आहेत; वाद त्या कायद्यानें वाणिज्य मानलेल्या प्रकारांतला आणि निदान तीन लाखांचा असला पाहिजे. तेथें मात्र शुल्क भरावें लागतें, आणि तातडीचा हुकूम मागावयाचा नसेल तर दाव्यापूर्वीं मध्यस्थीचा मार्ग चोखाळावा लागतो.