‘हकीकत’ मोबाइलवर मावत नाही

गेल्या बासी ईदची गोष्ट. दुपारची जेवणं उरकली होती, शीरखुर्म्याचं पातेलं पुन्हा गॅसवर चढलं होतं आणि माझा नववीतला भाचा दिवाणावर लोळत मोबाइलवर ‘बॉर्डर’ बघत होता. बघत होता म्हणजे काय, तोफेचा एक बार, सनी देओलची एक आरोळी, की अंगठ्याने पुढे. पाच मिनिटांत पिक्चर संपला. शेजारी तसबीह घेऊन बसलेल्या अब्बांनी विचारलं, ‘‘हो गया?’’

‘‘हो गया नाना. अच्छा अच्छा सब देख लिया.’’

अब्बा म्हणाले, ‘‘अच्छा तो बीच में रहता बेटा, जिधर कुछ होता नहीं.’’

त्या वाक्याने मी दिवसभर विचारात पडलो. युद्धपटात ‘काही होत नाही’ तो भाग चांगला, असं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तो माझाच बाप होता.

अब्बांचा पहिला युद्धपट म्हणजे चेतन आनंद यांचा ‘हकीकत’. सिनेमा 1964चा. परभणीत तो कधी लागला ते अब्बांना नेमकं आठवत नाही; त्या काळी रिळांचे डबे मोठ्या शहरांतून फिरत फिरत आपल्याकडे यायचे आणि वाटेत पावसाच्या रेघाही सोबत आणायचे. अब्बा तेव्हा जिनिंगमध्ये नुकतेच कामाला लागले होते. पूर्णेहून पॅसेंजरने दादी आणि दोन खाला आल्या. दादी जनान्यात बसली, अब्बा खाली बाकड्यावर. पडद्यावर लडाख आलं तेव्हा, अब्बा सांगतात, हॉलमध्ये कुणी बोलेना. बर्फ पाहिलेला एक माणूस नव्हता तिथे. बाहेर परभणीचं ऊन, आत पत्रा तापलेला, आणि समोर पांढरेशुभ्र डोंगर. त्यांच्या अंगावरून मुंग्यांसारखी माणसं चाललेली.

‘हकीकत’ हा जिंकल्याचा सिनेमा नाही, हे आज सांगावं लागतं. 1962च्या चीन युद्धात मागे तुटलेल्या एका तुकडीची ही गोष्ट. बलराज साहनी, धर्मेंद्र, जयंत, आणि पहिल्यांदाच पडद्यावर आलेल्या प्रिया राजवंश. त्यात बराच वेळ माणसं नुसती वाट पाहतात. हुकुमाची, रसदीची, पत्राची. शेकोटीभोवती बसून घर आठवणारं जे गाणं आहे, त्यात मोहम्मद रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर असे चार गळे आहेत. लेखणी कैफी आझमींची, संगीत मदन मोहन यांचं. गाण्यात बंदूक चालत नाही. अब्बांच्या मते सगळा सिनेमा त्या गाण्यात आहे. शेवटी रफींचा एकट्याचा आवाज येतो आणि पडद्यावर फक्त बर्फ आणि पडलेली माणसं उरतात. दादी परतताना गाडीत एवढंच म्हणाली होती, ‘‘उनकी माँ को कौन बताया होंगा?’’

या सिनेमाचा आपल्या भागाशी एक धागा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. ‘हकीकत’वर रेझांग ला इथल्या लढाईची छाया आहे. 18 नोव्हेंबर 1962 रोजी, 16,000 फुटांहून अधिक उंचीवर, 13 कुमाऊं पलटणीची सुमारे 120 जवानांची एक कंपनी मेजर शैतान सिंग यांच्या हाताखाली लढली आणि त्यातले बहुतेक जण तिथेच कामी आले. आता ही कुमाऊं रेजिमेंट आली कुठून? 1945 पर्यंत तिचं नाव होतं हैदराबाद रेजिमेंट, आणि तिची मुळं जातात निजामाच्या मुलखातल्या ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेपर्यंत. त्या फौजेची एक छावणी होती हिंगोलीला. 1 मे 1999 रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. रेझांग लाचे जवान हरियाणाकडचे अहिर होते, मराठवाड्याचे नव्हते. पण पलटणींचीही खानदानं असतात, आणि या खानदानाचं एक जुनं घर आपल्या शेजारी होतं. अब्बांना हे मी सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘‘पिक्चर में ये बताना था.’’

पण मूळ प्रश्न राहिलाच. हे मोठ्या पडद्यावरच का बघायचं?

माझं उत्तर ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये आहे. डेव्हिड लीन यांचा 1962चा हा सिनेमा 70 एमएमवर, म्हणजे नेहमीच्या दुप्पट रुंदीच्या फिल्मवर दाखवण्यासाठी बनला. त्यात ओमर शरीफ पहिल्यांदा दिसतात तो प्रसंग असा: विहिरीपाशी दोन माणसं उभी आहेत, सगळीकडे वाळू, आणि दूर क्षितिजावर मृगजळात एक काळा ठिपका थरथरतो आहे. ठिपका हळूहळू उंटावरचा माणूस होतो. कॅमेरामन फ्रेडी यंग यांनी त्यासाठी खास लांब पल्ल्याची लेन्स वापरली होती. मोठ्या पडद्यावर तुम्ही तो ठिपका आधी हेरता, पोटात भीती येते, कारण येणारा दोस्त की दुश्मन ते कळत नाही. मोबाइलवर तो ठिपका दिसतच नाही. तुम्हाला वाटतं काहीच घडत नाहीये, आणि अंगठा पुढे जातो. (याच सिनेमात आपले आय. एस. जोहरही आहेत, वाळवंटात वाट चुकलेल्या गासिमच्या भूमिकेत. ओळखून बघा.)

आमच्या पिढीने मात्र पुष्कळ काही छोट्या पडद्यावरच पाहिलं, हे कबूल करायला हवं. मुस्तफा अक्कद यांचा ‘द मेसेज’ (1976) आणि ‘लायन ऑफ द डेझर्ट’ (1981) आमच्या मोहल्ल्यात व्हिडिओ कॅसेटवर आले. भाड्याचा व्हीसीआर, एका खोलीत चाळीस माणसं, बायका दाराच्या पडद्यामागे. ‘द मेसेज’वर उलेमांमध्ये मतभेद होते आणि आमच्या घरातही होते. अक्कद यांनी नबी करीम (स.) यांना ना दाखवलं ना त्यांचा आवाज ऐकवला, तरी दादीने तो बघायला नकारच दिला. ‘लायन ऑफ द डेझर्ट’ला मात्र ती येऊन बसली. इटलीच्या फौजेशी वीस वर्षं लढलेले लिबियाचे उमर मुख्तार, मुलांना कुरआन शिकवणारा म्हातारा माणूस, भूमिकेत अँथनी क्विन. 16 सप्टेंबर 1931 रोजी त्यांना फाशी दिलं. त्या प्रसंगात त्यांचा चष्मा खाली पडतो आणि एक लहान पोरगा तो उचलतो. इटलीत या सिनेमावर कित्येक वर्षं बंदी होती. आमच्या चौदा इंची टीव्हीवर कॅसेट घासलेली, रणगाडे आणि घोडे एकाच करड्या रंगाचे दिसत होते. चष्मा तेवढा दिसला. पुढे कित्येक वर्षं मला वाटायचं, ते वाळवंट खरंखुरं केवढं असेल!

मग 1997. ‘बॉर्डर’. मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी, बाल्कनीची तिकिटं. 4 डिसेंबर 1971ची रात्र, लोंगेवालाची चौकी, मेजर कुलदीप सिंग चांदपुरी आणि पुन्हा तीच संख्या, सुमारे 120 माणसं. हॉल भरून वाहत होता. सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. मध्यंतराच्या आधी एका संवादावर खालून घोषणा सुरू झाल्या, आणि मग त्या घोषणा पडद्यावरच्या शत्रूपुरत्या राहिल्या नाहीत. दोन रांगा पुढे बसलेल्या काही पोरांनी मागे वळून माझ्या बायकोच्या बुरख्याकडे पाहिलं. बायको हळूच म्हणाली, ‘‘चलें क्या?’’ मी उठलो नाही. धीट होतो म्हणून नाही. उठलो तर सगळे बघतील म्हणून.

मध्यंतरात मुलीने विचारलं, ‘‘अब्बू, इसमें अपने में का कोई नहीं क्या?’’ लेकराने सहज विचारलं. मी तिला अब्दुल हमीद यांची गोष्ट सांगितली: गाझीपूरकडच्या धामूपूर गावचे, 4 ग्रेनेडियर्सचे हवालदार, 1965 साली खेमकरणच्या उसाच्या रानात जीपवर तोफ लावून रणगाडे फोडणारे, मरणोत्तर परमवीर चक्र. त्यांचं नाव आपल्याला वरचेवर पुरावा म्हणून काढावं लागतं, त्याचा मला कंटाळा आहे. मुलीला पुरावा नको होता, गोष्ट हवी होती. 1988 साली चेतन आनंद यांनीच दूरदर्शनसाठी ‘परमवीर चक्र’ मालिका केली, तिच्यात हमीद झाले होते नसीरुद्दीन शाह. मोठ्या पडद्यावर हमीद मी आजवर पाहिलेले नाहीत.

उत्तरार्धात एक सैनिक जळत्या घरात शिरून कुरआन बाहेर आणतो. त्या क्षणी हॉलमधून टाळ्या आल्या, त्याच हॉलमधून. आणि शेवटी जावेद अख्तरांचं ते गाणं, शत्रूलाच भाऊ म्हणणारं. या सिनेमासाठी जावेदसाहेबांना आणि गायक हरिहरन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शिट्ट्या थांबल्या. शेजारी धोतर-टोपीतले एक शेतकरी बसले होते, मानवतकडचे असावेत, त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि अंधारात माझ्या मुलीच्या ओंजळीत उरलेल्या शेंगा ओतल्या. पुढची पोरंही गप्प होती. ती तशीच घरी गेली की बाहेर पडताच पुन्हा घोषणा देऊ लागली, ते मी पाहिलं नाही. पण ते गाणं त्यांना पूर्ण ऐकावं लागलं. हॉलमध्ये पुढे ढकलायची सोय नसते. मोबाइलवर घोषणेचा तुकडा उरतो, गाणं गळून पडतं, आणि माझ्या भाच्याच्या हाती फक्त तो तुकडा आला आहे.

आता जुने सिनेमे लावणार कोण? मराठवाड्यातली कितीतरी एकपडदा चित्रपटगृहं बंद पडली, काहींची मंगल कार्यालयं झाली. मोठ्या शहरांत जुने सिनेमे पुन्हा लागू लागले आहेत; ‘लक्ष्य’ 2024 साली वीस वर्षांनी पुन्हा आला. आपल्याकडे ती लाट कधी पोचेल, कोण जाणे.

तेव्हा बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्हीच गच्चीवर ‘हकीकत’ लावला. जावयाच्या कोचिंग क्लासचा प्रोजेक्टर, दोन स्पीकर, आणि बायकोच्या जहेजातली डबलबेडची पांढरी चादर. इशानंतर सुरू केला. गल्लीतले वीस-पंचवीस जण आले, समोरचे जोशी काका घरची खुर्ची घेऊन आले. अर्ध्यात लाइट गेली, तासाभराने आली, कुणीही खाली उतरलं नाही. शेकोटीच्या गाण्याला भाचा माझ्या कानाशी म्हणाला, ‘‘मामू, ये लोगां लड़ते कब?’’ अब्बांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

साडेबाराला संपला. पोरं चादर काढू लागली तेव्हा अब्बा म्हणाले, पुढच्या वेळी इस्त्री करून लावा, धर्मेंद्रच्या तोंडावर घडी येत होती.