‘यस्टरडे’ आला की ‘हॅव’ नको

नारायण पेठेतल्या आमच्या गॅलरीत मी गेली २२ वर्षं इंग्रजी शिकवते. परवा शेजारचे काका महापालिकेला द्यायचा अर्ज तपासायला घेऊन आले. पहिलंच वाक्य होतं, ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टरडे.’ मी ‘हॅव’वर पेन्सिल टेकवली. काका म्हणाले, “अहो, पण फॉर्म दिलाय ना मी!”

त्या ‘दिलाय’मध्येच सगळं आलं. ‘मी काल फॉर्म दिलाय’ हे मराठीत सहज चालतं. ‘काल’ आणि ‘आहे’ एका वाक्यात सुखाने नांदतात. इंग्रजीतलं ‘हॅव’ झालेली गोष्ट आजशी जोडतं. म्हणून ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’ अशी सरलेली वेळ सांगितली, की साधा भूतकाळच हवा : ‘आय सबमिटेड’. ‘ऑलरेडी’, ‘जस्ट’ मात्र ‘हॅव’शी छान जुळतात.

‘आय डिड नॉट वेंट’चं मूळही मराठीतच सापडतं. ‘गेलो नाही’ म्हणताना आपण ‘गेलो’ला हातच लावत नाही. इंग्रजीत भूतकाळ एकदाच दाखवायचा. तो ‘डिड’ने घेतला, की उरतं ‘गो’. आणि आपलं ‘छान’ तर गाण्यालाही लागतं, गाण्याच्या रीतीलाही. म्हणून मुली ‘शी सँग ब्यूटिफुल’ लिहितात, ‘ब्यूटिफुली’ राहून जातं.

याला कुणी अडाणीपणा म्हटलं की मला फार वाईट वाटतं. ही मुलं मराठीचे नियम चोख पाळत असतात. म्हणून मी आधी मराठी वाक्य म्हणायला लावते.

काकांनी स्वतःच ‘हॅव’ खोडलं आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.