एका रात्रीत उखडलेली धावपट्टी

छोटं विमानतळ बंद पडायला वर्षं लागतात, असा समज असेल तर शिकागोचं मेग्ज फील्ड आठवा. मिशिगन सरोवराला लागून असलेली ही धावपट्टी १९४८ पासून वापरात होती. ३० मार्च २००३ च्या मध्यरात्री महापौर रिचर्ड डेली यांनी तिथे बुलडोझर धाडले. सकाळी पाहावं तर डांबरावर भल्यामोठ्या फुल्या कोरलेल्या! सोळा विमानं जागच्या जागी अडकली. पुढे ती बाजूच्या टॅक्सीवेवरून कशीबशी उडवावी लागली. डेलींनी कारण दिलं सुरक्षेचं. तिथे बाग व्हावी ही त्यांची इच्छा मात्र जुनीच होती. तीस दिवसांची पूर्वसूचना न दिल्याबद्दल शहराला दंड झाला ३३ हजार डॉलर. एवढ्या मोक्याच्या जागेसाठी ही तर चिल्लरच.

कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकात मात्र सगळं कागदोपत्री चाललंय. डग्लस कंपनीचं डीसी-३ जिथे घडलं, तिथली धावपट्टी २०१७ मध्ये ३,५०० फुटांवर आणली गेली, म्हणजे मोठी जेट आपोआप बाहेर. केंद्र सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार ३१ डिसेंबर २०२८ नंतर हे विमानतळ बंद करायला शहर मोकळं आहे.