फोन हळू चार्ज होतो? दोष बोर्डाचा की केबलचा?

मंडळी, अकोला-अमरावतीत उन्हाळा आला की कूलर, पंखा, फोन सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर येतं. मग फोन हळू चार्ज झाला की बोर्डाला बोल लागतो. पण हिशेब पाहा.

🔌 बोर्ड: 20 वॅटचा चार्जर 230 व्होल्टवर जेमतेम 0.1 ते 0.2 अँपिअर ओढतो. पाच मीटरच्या चांगल्या वायरमध्ये एक व्होल्टही घटत नाही. शिवाय बहुतेक चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतात.

📱 केबल: साध्या चार्जिंगमध्ये इथे 5 व्होल्टवर 2 अँपिअर वाहतात. केबलचा रोध पाव ओहम असला तरी अर्धा व्होल्ट वाटेतच जातो! म्हणून केबल आखूड आणि जाड तारेची घ्या. 60 वॅटच्या वर टाइप-सी चार्जिंगसाठी सहसा 5 अँपिअरची केबल लागते.

🌡️ ऊन: मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. बॅटरी तापली की फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो. कव्हर काढा, फोन सावलीत ठेवा.

⚠️ बोर्डाचा खरा धोका वेगळा आहे. ढिला प्लग किंवा बारीक वायर जास्त भाराने तापते. इस्त्री आणि गिझर बोर्डावर लावूच नका.

आज एकच करा: चार्जर तोच ठेवून केबल बदलून पाहा.