खेळ, नेतृत्व आणि ऋणफेड : खाशाबा जाधव यांच्या उदाहरणाच्या आधारे एक विचार

प्रस्तावना :
क्रीडा व नेतृत्व यांचा संबंध सांगताना शिस्त, जिद्द व संघभावना या गुणांचा उल्लेख नेहमी केला जातो. परंतु घेतलेले परत देण्याची जी शिकवण खेळातून मिळते, तिच्याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. प्रस्तुत लेखात पैलवान खाशाबा जाधव व प्राचार्य खर्डेकर यांच्या उदाहरणाच्या आधारे या शिकवणीचे विवेचन केले असून, नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यातील अध्यापकांच्या दृष्टीने तिचा विचार केला आहे.

विवेचन :
कराडजवळील गोळेश्वर येथे १९२६ मध्ये जन्मलेले खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना सहावा क्रमांक मिळाला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पुरेसा पैसा नव्हता. गावकऱ्यांनी यथाशक्ती वर्गणी दिली, तरीही रक्कम अपुरी पडली. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. गावी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु घर गहाणच होते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे आयोजन केले, स्वतःही लढले आणि मिळालेल्या पैशातून आपल्या प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

या घटनेतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, प्राचार्यांनी मदत केली ती यशाची खात्री नसताना. यशानंतर दिला जातो तो सत्कार. यशापूर्वी दिला जातो तो आधार. दुसरी, खाशाबांनी ऋण फेडले ते आपल्याजवळ असलेल्या कौशल्याच्या बळावर. त्यासाठी श्रीमंत होण्याची वाट पाहिली नाही. तिसरी, ही देवाणघेवाण दोन व्यक्तींपुरती मर्यादित राहू नये. तालमीत वस्तादाकडून शिकलेला मल्ल पुढे धाकट्या मल्लांकडून मेहनत करून घेतो. अशा रीतीने ऋण पुढील पिढीकडे फेडले जाते.

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. प्राचार्यांचा त्याग थोर होता. परंतु घर गहाण ठेवण्याची वेळ येणे हा व्यवस्थेचा दोष होता. म्हणून त्यागाचे कौतुक करून थांबणे पुरेसे नाही. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्याच्या पाड्यावरून येणाऱ्या धावपटूचे प्रवासभाडे, बूट अथवा बुडणारी मजुरी एखाद्या अध्यापकाच्या खिशावर अवलंबून राहू नये. महाविद्यालयाने त्यासाठी लहानसा का होईना, कायमस्वरूपी निधी उभारावा आणि माजी खेळाडूंना सत्कारासाठी व्यासपीठावर बोलावताना मार्गदर्शनासाठी मैदानावरही बोलवावे.

निष्कर्ष :
नेतृत्वाची खरी कसोटी पदक मिळाल्यावर नव्हे, तर पदक अनिश्चित असताना लागते. संस्थेने वेळेवर दिलेला आधार आणि खेळाडूने पुढील पिढीसाठी केलेली ऋणफेड या दोहोंतूनच क्रीडासंस्कृती टिकते.