मराठी ख्रिस्ती कुटुंबातील धर्मशिक्षण व जीवनशिक्षण

मराठी ख्रिस्ती कुटुंबातील धर्मशिक्षण म्हणजे ख्रिस्ती आईवडिलांनी आपल्या मुलांना घरीच दिलेली श्रद्धेची, प्रार्थनेची आणि व्यवहारातील कौशल्यांची शिकवण होय. चर्चमधील धर्मवर्ग आणि रविवारची शाळा ही या शिक्षणाची पूरक साधने आहेत. मूळ जबाबदारी पालकांची मानली जाते.

संकल्पना

बायबलच्या जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, देवाच्या आज्ञा मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना शिकवाव्यात असे सांगितले आहे. म्हणजेच या शिक्षणाला वेगळा तास नाही. दिनक्रम हाच त्याचा वर्ग आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात याच कर्तव्याला एक मर्यादा घातलेली आढळते : बापाने मुलांना चिडीस आणू नये. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी घोषित केलेल्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात, आईवडील हे मुलांचे आद्य व प्रमुख शिक्षक असल्याचे म्हटले आहे. बालकाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांबरोबर धर्मपिता व धर्ममाताही हे दायित्व स्वीकारतात.

आरंभीचा काळ

घरी वाचता-ऐकता येईल असे ख्रिस्ती साहित्य मराठीत निर्माण करण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचा होय. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. धर्मांतरित कुटुंबांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी काही आले नव्हते. ती पोकळी या ओवीबद्ध ग्रंथाने भरून काढली. स्टीफन्स यांनीच कोकणी भाषेत प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तकही रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रॉटेस्टंट पंथात ही परंपरा अमेरिकन मराठी मिशनपासून (मुंबई १८१३, अहमदनगर १८३१) सुरू होते. मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये निघाले. मुलांसाठी पुढे 'बालबोधमेवा' हे मासिकही निघाले. बायबल स्वतः वाचता यावे यासाठी मुलगी असो वा मुलगा, साक्षर होणे आवश्यक ठरले. श्रद्धा आणि साक्षरता यांची ही सांगड मराठी ख्रिस्ती घरांचे ठळक वैशिष्ट्य आहे.

पंडिता रमाबाई आणि मनोरमा

मुलाला कोणता धर्मविचार शिकवावा, हे आईने ठरवायचे की चर्चने, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात मिळते. रमाबाई स्वतः घरातच शिकल्या होत्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या आईने रमाबाईंना. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनीमठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. मनोरमा तेव्हा अवघी दोन वर्षांची होती.

नंतर रमाबाई चेल्टनहॅम येथे गेल्या असता मनोरमेच्या धार्मिक शिक्षणावरून त्यांचा मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रव्यवहारातून वाद झाला. रमाबाईंना अँग्लिकन पंथाचे सर्वच सिद्धांत मान्य नव्हते. ज्यावर आपला स्वतःचा विश्वास नाही ते आपल्या मुलीला शिकवले जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. तर धर्मात नवख्या असलेल्या आईने गुरुजनांचे ऐकावे, असे सिस्टरना वाटत होते. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. ज्यांचा आश्रय घेतला होता, त्यांनाच एका विधवा आईने असे लिहावे, हे त्या काळी सोपे नव्हते.

केडगाव येथील मुक्तिसदनात रमाबाईंनी हेच शिक्षण मोठ्या प्रमाणावर राबवले. १८९६ च्या दुष्काळानंतर तेथे आलेल्या निराधार मुलींना प्रार्थनेबरोबर विणकाम, शिवण, शेती, दुग्धव्यवसाय व छपाई शिकवली जाई. स्वतःच्या हाताने पोट भरता येणे हा तेथे धर्मशिक्षणाचाच भाग होता. मनोरमाही मोठी झाल्यावर याच कामात आली. तिचे निधन आईच्या आधी, १९२१ मध्ये झाले.

टिळक कुटुंब

रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि नंतर स्वतःच्या विचाराने त्या धर्मात आल्या. म्हणजे या घरात आईवडिलांची श्रद्धाही एकाच वेळी जुळलेली नव्हती. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४–३७) या आत्मचरित्रात मुलांवरील संस्कारांचा उपदेश नाही; चालतीबोलती उदाहरणे आहेत. घरात सतत येणारे परके, पैशाची ओढाताण, जातिभेदाचा हळूहळू सुटत जाणारा पीळ, हे सारे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून दिले, त्यामुळे मराठी मुलांना प्रार्थना आपल्याच चालींत म्हणता आल्या.

घरातील उपासना

कॅथलिक कुटुंबांत संध्याकाळची जपमाळ हा दिवसाचा मध्यबिंदू असतो. गोव्यात तिला 'तेर्स' म्हणतात. ती संपल्यावर मुले वडीलधाऱ्यांकडे 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, मागतात. प्रॉटेस्टंट घरांत बायबलचा उतारा, एखादे गीत आणि प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत केलेली प्रार्थना असा क्रम आढळतो. लहानग्यालाही आपली पाळी येते, आणि चारचौघांत न अडखळता बोलण्याची सवय येथेच लागते. वसईच्या शेतकरी ख्रिस्ती घरांत मुले पानवेल, केळी आणि भाजीच्या वाडीत मोठ्यांच्या मागोमाग काम शिकत आली. नाताळच्या आधी फराळ करणे, गोठा उभारणे, शेजाऱ्यांच्या घरी ताट पोहोचवणे ही कामेही मुलांकडेच असतात.

नवी मुंबईतील स्थिती

१९७० मध्ये सिडकोच्या स्थापनेनंतर वसलेल्या नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरसह सर्वच उपनगरांत, निरनिराळ्या प्रांतांतून आलेली ख्रिस्ती कुटुंबे राहतात. हा भाग मुंबईच्या कॅथलिक आर्चडायोसिसमध्ये येतो; केरळच्या सिरो-मलबार कुटुंबांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला.

येथे पालकांपुढील मुख्य अडचण भाषेची आहे. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, धर्मवर्गही पुष्कळदा इंग्रजीत भरतो आणि आजी मात्र 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' मराठीतच म्हणते. दोन्ही पालक नोकरीसाठी बाहेर असल्यास सायंप्रार्थना रविवारपुरती उरते. काही घरांत यावर साधा उपाय केला जातो : जेवणापूर्वीची प्रार्थना मराठीत आणि ती म्हणण्याची पाळी मुलांची.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थांतही, विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून त्याला अशा शिक्षणाला बसवता येत नाही. ही तरतूद ख्रिस्ती शाळांत शिकणाऱ्या अन्य धर्मीय मुलांनाही तितकीच लागू आहे.